सातव्या हेन्रीचे परराष्ट्र धोरण: ब्रिटनी गेली, गादी राहिली

1484 सालच्या शरद ऋतूत फ्रान्सला लागून असलेल्या ब्रिटनी या डचीतल्या, म्हणजे ड्यूकच्या राज्यातल्या, व्हान गावातून 27 वर्षांचा एक इंग्रज तरुण मोजके नोकर बरोबर घेऊन घोड्यावरून बाहेर पडला. जवळच एका मित्राच्या घरी जाऊन येतो, असे त्याने मागे राहिलेल्यांना भासवले होते. काही मैल गेल्यावर तो रानात शिरला, अंगावरचे भारी कपडे उतरवून चाकराचे कपडे चढवले आणि आपल्याच नोकराला पुढे घालून, त्याचा हुजऱ्या असल्यासारखा, फ्रान्सच्या सरहद्दीकडे निघाला. ब्रिटनीचा खजिनदार पिएर लांदे याने त्याला इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डच्या हवाली करायचा सौदा केला होता. पाठलागावरचे स्वार सरहद्दीवर पोचले तेव्हा तो जेमतेम तासाभरापूर्वी पलीकडे गेला होता. पुढच्याच वर्षी, 22 ऑगस्ट 1485 रोजी, बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला आणि हा फरारी तरुण इंग्लंडचा सातवा हेन्री झाला.

ट्यूडर घराण्याच्या या पहिल्या राजाचे परदेशी राजकारण समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करायला हवी, असे मला वाटते. वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्याने परक्यांच्या आश्रयाने दिवस काढले होते. दुसऱ्याच्या गादीवर हक्क सांगणारा माणूस शेजारच्या राजाच्या हाती लागला की त्याची किंमत काय होते, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. तो स्वतःच चौदा वर्षे तशी वस्तू होता. आज ब्रिटनी जपते, उद्या विकायला काढते, परवा फ्रान्स पैसे आणि माणसे देऊन पाठवते. ज्या वाटेने आपण आलो त्याच वाटेने दुसरा कोणी येऊ शकतो, ही जाणीव त्याच्या चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत कधी पुसली गेली नाही.

तरीही त्याच्या धोरणाची चर्चा निघाली की पहिला आरोप ब्रिटनीचा होतो. ज्या डचीने आसरा दिला ती फ्रान्सने गिळली आणि हा बघत बसला. वर सैन्य घेऊन गेला आणि पैसे घेऊन परत आला. दुसरा आरोप कंजूषपणाचा. मुलगा आठवा हेन्री याच्या वाट्याला लढाया आणि चित्रे आली, बापाच्या वाट्याला जमाखर्चाच्या वह्या. माझे म्हणणे असे की सोळाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इंग्लंडला जेवढे यश झेपणारे होते तेवढे याच माणसाने मिळवले, आणि ज्याला त्याचे अपयश म्हणतात ती ब्रिटनीची गोष्टच याचा सगळ्यात चांगला पुरावा आहे.

आधी त्याचे बळ किती होते ते पाहू. 1461 पासूनच्या पंचवीस वर्षांत इंग्लंडची गादी इतक्या वेळा हिसकावली गेली होती की राजाभिषेकाला अर्थ उरला नव्हता. हेन्रीचा हक्क आईकडून आलेला, तोही कच्चा. प्रतिस्पर्धी यॉर्क घराण्याच्या एलिझाबेथशी त्याने जानेवारी 1486 मध्ये लग्न केले ते या कच्च्या हक्काला आधार म्हणून. इंग्लंडची लोकसंख्या तेव्हा 25 लाखांच्या आसपास, फ्रान्सची दीड कोटीच्या घरात. शंभर वर्षांच्या युद्धात फ्रान्समध्ये जिंकलेल्या मुलखातले एक कॅले बंदर तेवढे हातात उरले होते. कायमचे म्हणावे असे सैन्य नव्हते. अशा राजाने एजिनकोर्टसारख्या फ्रान्समधल्या जुन्या विजयांची स्वप्ने पाहायला हवी होती, असे म्हणणाऱ्यांनी ते पैसे आणि ती माणसे कुठून आणायची हेही सांगावे.

आता ब्रिटनी. फ्रान्सच्या पश्चिम टोकाची ही स्वतंत्र डची. 1488 मध्ये फ्रान्सने तिचा पराभव केला, ड्यूक दुसरा फ्रान्सिस दीड महिन्यात वारला आणि मागे बाराही पूर्ण न केलेली त्याची मुलगी अ‍ॅन उरली. हेन्रीची अडचण दुहेरी होती. ब्रिटनीने त्याला वाढवले होते, आणि फ्रान्सने त्याला गादीपर्यंत पोचवले होते. शिवाय ब्रिटनीची बंदरे फ्रेंचांकडे गेली तर इंग्लिश खाडीच्या पलीकडचा जवळजवळ सगळा किनारा त्यांचा होणार होता. फेब्रुवारी 1489 मध्ये त्याने रेदोंचा तह केला. 6,000 माणसे पाठवायची, खर्च ब्रिटनीने सोसायचा, तारण म्हणून किल्ले द्यायचे आणि हेन्रीच्या संमतीशिवाय अ‍ॅनने लग्न करायचे नाही. पार्लमेंटने 1,00,000 पौंड मंजूर केले. वसुलीला सुरुवात झाली आणि यॉर्कशरमध्ये बंड झाले. राजाच्या वतीने समजूत काढायला गेलेला नॉर्थम्बरलंडचा अर्ल जमावाने ठार मारला. मंजूर झालेल्या रकमेचा थोडाच भाग तिजोरीत आला.

त्याला दोस्त मिळाले तेही तसेच. जर्मन सम्राटाचा मुलगा मॅक्सिमिलियन याने अ‍ॅनशी वकिलामार्फत लग्न लावले आणि तो आपल्या इतर भानगडींत गुंतून राहिला. स्पेनला फ्रान्सकडून पिरेनीजच्या पायथ्याचा आपला मुलूख सोडवायचा होता, ब्रिटनीशी तिला फारसे देणेघेणे नव्हते. वेढ्यात सापडलेल्या अ‍ॅनने डिसेंबर 1491 मध्ये फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सशी लग्न केले आणि ब्रिटनीचा प्रश्न संपला. हा हेन्रीचा पराभवच होता, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्यानंतर त्याने जे केले ते बघण्यासारखे आहे. त्याने फ्रान्सच्या गादीवरचा जुना इंग्रज दावा बाहेर काढला, पैसे जमवले, जहाजे जमवली आणि ऑक्टोबर 1492 मध्ये, लढाईचा मोसम सरत आलेला असताना, मोठे सैन्य घेऊन कॅलेला उतरला. तिथून जाऊन बुलोनला वेढा घातला. पाऊस आणि थंडी तोंडावर असताना वेढा घालायला कोण जाते? ज्याला चिवट युद्ध नको आहे तो. चार्ल्सचे डोळे इटलीकडे, नेपल्सकडे लागले होते, हे हेन्रीला माहीत होते. पाठीमागे इंग्रज फौज ठेवून चार्ल्स आल्प्स ओलांडू शकत नव्हता. वेढा पडून महिनाही झाला नव्हता तोच, 3 नोव्हेंबरला, एताप्लचा तह झाला. चार्ल्सने 7,45,000 सोन्याचे क्राउन, वर्षाला 50,000 या हप्त्याने, द्यायचे कबूल केले. ब्रिटनीतल्या मोहिमेचा खर्च आणि जुन्या फ्रेंच तनख्याची थकबाकी असे त्या रकमेचे स्पष्टीकरण होते. आणि हेन्रीच्या शत्रूंना थारा देणार नाही, हे दुसरे वचन.

बरोबर आलेल्या सरदारांना हा तह नामुष्कीचा वाटला असणार. काहींनी घोडी आणि चिलखते घेण्यासाठी स्वतःचे पैसे घातले होते. पण शेजारी सहापट मोठा असताना, प्रांत हातचा गेलेला असताना, दोस्त पळालेले असताना खंडणी आपल्या पदरात पाडून घ्यायची आणि प्रतिपक्षाच्या हातातला हुकमी पत्ताही काढून घ्यायचा, याला मी हार म्हणणार नाही. तो पत्ता म्हणजे पर्किन वॉरबेक.

तोतया म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पेशवाईच्या डोक्याला जो ताप दिला तो आपल्याला ठाऊक आहे. हेन्रीच्या वाट्याला असे दोन आले. पहिला लॅम्बर्ट सिम्नेल, एक पोर, जो यॉर्क घराण्यातला गादीचा दावेदार, वॉरिकचा अर्ल, म्हणून मे 1487 मध्ये डब्लिनला चक्क अभिषेक होऊन राजा झाला. एडवर्ड चौथा आणि रिचर्ड तिसरा यांची बहीण मार्गारेट बर्गंडीची विधवा डचेस होती. तिने 2,000 जर्मन भाडोत्री शिपाई दिले आणि 16 जूनला स्टोकच्या लढाईत हेन्रीला पुन्हा एकदा रणात उभे राहून गादी राखावी लागली. सिम्नेलला त्याने मारले नाही. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात मांस भाजायची सळई फिरवायला ठेवले. वॉरबेक जास्त चिवट निघाला. लंडनच्या टॉवर किल्ल्यात नाहीशा झालेल्या, एडवर्ड चौथ्याच्या दोन राजपुत्रांपैकी धाकटा रिचर्ड तो मीच, असे तो सांगे. 1491 मध्ये आयर्लंड, मग फ्रान्स, एताप्लच्या तहाने तिथून हकालपट्टी, मग मार्गारेटचा दरबार, मग व्हिएन्नात सम्राटाच्या अंत्यविधीला राजपुत्र म्हणून मान, मग स्कॉटलंड. युरोपात ज्याला ज्याला हेन्रीला टोचायचे होते त्याने त्याने हा मुलगा काही काळ घरी ठेवून घेतला.

इथे हेन्रीवरचा एक गंभीर आक्षेप येतो. 1493 मध्ये त्याने मार्गारेट आणि तिच्या सावत्र मुलीचा तरुण मुलगा फिलिप यांच्या नेदरलँड्सशी असलेला व्यापारच तोडला. इंग्लंडची निर्यात म्हणजे कापड, आणि कापडाचा बाजार म्हणजे अँटवर्प. तो बाजार कॅलेला हलवायचा हुकूम निघाला. लंडनच्या व्यापाऱ्यांचे कंबरडे मोडले. हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांना मात्र सवलतींमुळे झळ कमी बसली, म्हणून ऑक्टोबर 1493 मध्ये लंडनकरांनी त्यांच्या स्टीलयार्ड वखारीवर हल्ला केला. राजाला व्यापार कळत नव्हता असे नाही. 1485 आणि 1489 च्या कायद्यांनी त्याने गॅस्कनीची दारू आणि तुलूझची नीळवजा रंगद्रव्ये इंग्रज जहाजांतूनच आणायची सक्ती केली होती, पोर्ट्समथला कोरडी गोदी बांधली होती. तरीही गादी आणि बाजार यांत एक निवडायची वेळ आली तेव्हा त्याने गादी निवडली, आणि विणकराच्या, धोबी-रंगाऱ्याच्या पोटावर पाय आला. हे मी खुल्या मनाने मान्य करतो. माझी बाजू एवढीच की गादी पुन्हा डळमळली असती तर आणखी एक यादवी झाली असती, आणि यादवीत कापडही विकले जात नाही. शिवाय फेब्रुवारी 1496 मध्ये जो करार झाला, मॅग्नस इंटरकर्सस म्हणजे मोठा व्यापार-करार, त्याने नेदरलँड्समध्ये इंग्रज व्यापाऱ्यांना मोकळे दार मिळाले आणि बंडखोरांना आश्रय न देण्याचे कलम मार्गारेटच्या जहागिरीलाही लागू झाले. तीन वर्षांच्या नुकसानीतून त्याने दोन्ही गोष्टी वसूल केल्या.

स्कॉटलंडबाबत त्याने जे केले त्याचे मला सगळ्यात जास्त कौतुक आहे, कारण तिथे त्याने आपला राग गिळला. चौथ्या जेम्सने वॉरबेकला राजपुत्र मानून आपल्या नात्यातली कॅथरीन गॉर्डन त्याला दिली आणि सप्टेंबर 1496 मध्ये त्याच्यासाठी सरहद्द ओलांडली. उत्तर इंग्लंडमध्ये एक माणूस वॉरबेकच्या बाजूने उभा राहिला नाही. काही मैल जाऊन, गावे जाळून फौज मागे वळली. हेन्रीने सूड घ्यायला प्रचंड कर बसवला. तेव्हा दूर नैऋत्येच्या कॉर्नवॉलमधले लोक उठले. स्कॉटलंडच्या भांडणाचे पैसे आम्ही का द्यायचे, हा त्यांचा सवाल सरळ होता, आणि तो विचारत ते थेट लंडनच्या वेशीपर्यंत चालत आले. 17 जून 1497 रोजी ब्लॅकहीथला त्यांचा मोड झाला. उत्तरेला जायला निघालेली फौज आपल्याच रयतेवर चालवावी लागली.

दुसरा राजा असता तर कॉर्नवॉल चिरडून पुन्हा उत्तरेकडे वळला असता. हेन्रीने बिशप रिचर्ड फॉक्सला बोलणी करायला बसवले, स्पेनचा वकील पेद्रो दे आयाला मध्यस्थीला होताच, आणि त्याच सप्टेंबरात एटनला युद्धबंदी झाली. जानेवारी 1502 मध्ये कायमच्या शांततेचा तह, दोन्ही देशांतला पावणेदोनशे वर्षांतला पहिला. ऑगस्ट 1503 मध्ये हेन्रीची तेरा वर्षांची मुलगी मार्गारेट जेम्सला दिली. याच सोयरिकीतून 1603 मध्ये दोन्ही मुकुट एका डोक्यावर आले, म्हणून ते श्रेय हेन्रीला देण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. शंभर वर्षांनंतर ट्यूडर वंश निपुत्रिक संपेल हे त्याला कुठून दिसणार? त्याचे खरे यश त्याच्या हयातीतले आहे. ज्या वाटेने पुढचा तोतया आला असता ती उत्तरेची वाट त्याने बंद केली.

स्पेनशी सोयरीक हे त्याचे सर्वांत चमकदार यश मानले जाते. मार्च 1489 च्या मेदिना देल काम्पोच्या तहात हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर आणि स्पेनची राजकन्या कॅथरीन यांचे लग्न ठरले तेव्हा तो अडीच वर्षांचा होता आणि ती सव्वातीन. चार वर्षांपूर्वी नोकराच्या वेषात पळालेल्या माणसाच्या मुलाला फर्डिनंड आणि इझाबेला आपली मुलगी द्यायला तयार झाले, याचे मोल त्या काळात एखाद्या प्रांताइतके होते. पण याच यशाला रक्ताचा डाग आहे आणि तो झाकून पुढे जाणे मला जमत नाही. खरा वॉरिकचा अर्ल एडवर्ड दहा वर्षांचा असल्यापासून टॉवरमध्ये कोंडलेला होता. कसल्याही कटाचे त्याला भान असावे असे वाटत नाही. नोव्हेंबर 1499 मध्ये आधी वॉरबेकला फाशी झाली आणि पाच दिवसांनी वॉरिकचे डोके उडवले. काही आठवड्यांत स्पेनचा वकील दे पुएब्ला याने आपल्या राजाराणीला खुशाल कळवले की आता इंग्लंडमध्ये गादीवर हक्क सांगणारे संशयास्पद राजरक्त उरलेले नाही. कॅथरीनची वाट अशी मोकळी झाली. राज्याची निकड म्हणून यातले बरेच समजून घेता येते. वॉरिकचा खून मात्र समजून घेता येत नाही.

14 नोव्हेंबर 1501 ला सेंट पॉल्समध्ये लग्न झाले आणि 2 एप्रिल 1502 ला आर्थर लडलोला वारला. हुंड्याचे 2,00,000 क्राउन ठरले होते, निम्मे आले होते. पुढची सात वर्षे कॅथरीन इंग्लंडमध्ये अडकून राहिली. सासरा पैसे द्यायला नाखूष, बाप उरलेला हुंडा द्यायला नाखूष. हुंड्यातली चांदीची भांडी विकून ती आपल्या माणसांचे पोट भरत होती. 1504 मध्ये इझाबेला वारली, कॅस्टील तिची मुलगी जोआना हिच्याकडे गेले आणि फर्डिनंडची मैत्री हेन्रीला पूर्वीइतकी मोलाची वाटेना, तसा त्याने धाकट्या हेन्रीकडून कॅथरीनशी ठरलेल्या लग्नाचा निषेध नोंदवून घेतला. मुलीला ना सून केले ना घरी पाठवले. कठीण दिवसांत उपयोगी पडलेली काटकसर या वेळी निव्वळ निर्दयपणा झाली होती.

आणि मग जानेवारी 1506 चे वादळ. जोआनाच्या वारशासाठी ती आणि तिचा नवरा, नेदरलँड्सचा तोच फिलिप, जहाजांतून कॅस्टीलला निघाले होते. वादळाने त्यांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आणून टाकले. हेन्रीने पाहुणचारात कसर ठेवली नाही. विंडसरला मेजवान्या, मानाचा गार्टर किताब, आणि पाहुण्याला निघू देण्याची घाई मात्र कुणाला नाही. फिलिप तीन महिने राहिला. या मुक्कामात त्याने नेदरलँड्समध्ये लपलेला यॉर्क घराण्याचा दावेदार, सफकचा अर्ल एडमंड दे ला पोल, हेन्रीच्या स्वाधीन केला. जिवाला धक्का लावणार नाही असे वचन हेन्रीने दिले आणि ते स्वतःपुरते पाळले. व्यापारात मात्र हाव नडली. त्या वेळी लिहून घेतलेला करार इतका एकतर्फी होता की फ्लेमिश लोकांनी त्याला मालुस इंटरकर्सस, दुष्ट करार, असे नाव ठेवले. तो अमलात आलाच नाही; वर्षभरात 1496 च्याच अटींवर यावे लागले. दुसऱ्यालाही काही उरले पाहिजे, हे एताप्लला कळलेली गोष्ट विंडसरला तो विसरला.

शेवटची वर्षे थकलेल्या माणसाची आहेत. बायको गेली, थोरला मुलगा गेला, फिलिप सप्टेंबर 1506 मध्ये अचानक वारला. डिसेंबर 1508 मध्ये कांब्रेला युरोपातल्या बड्या सत्तांचा संघ झाला तेव्हा इंग्लंड त्यात नव्हते. टीकाकार याला एकाकीपण म्हणतात. पण तो संघ व्हेनिस लुटण्यासाठी होता, आणि त्यातल्या मित्रांनी पुढच्या दोनतीन वर्षांत एकमेकांवरच तलवारी उपसल्या. त्याच्या बाहेर राहून इंग्लंडचे काय बिघडले, हे मला अजून कोणी दाखवलेले नाही.

एक जागा आहे जिथे त्याच्या हिशेबीपणाने खरेच संधी गेली असे मी म्हणेन. दर्यावर्दी जॉन कॅबटला त्याने मार्च 1496 मध्ये समुद्रापारच्या मुलखाचा परवाना दिला, पण खर्च ब्रिस्टलकरांवर सोडला. पुढच्या उन्हाळ्यात कॅबट एका छोट्या जहाजातून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागून परत आला. ऑगस्ट 1497 च्या राजाच्या खर्चाच्या वहीत त्याची नोंद सापडते: नवे बेट शोधणाऱ्याला 10 पौंड. पुढे वर्षाला 20 पौंडांचा तनखाही दिला. ज्या वर्षी रयत लंडनच्या वेशीवर आली होती आणि वॉरबेक अजून मोकळा होता, त्या वर्षी राजाकडून जास्त अपेक्षा करावी का, हा प्रश्न मला पडतो. तरी त्या 10 पौंडांची हळहळ वाटतेच.

21 एप्रिल 1509 रोजी तो वारला. एका लढाईनेही न मिळालेली गोष्ट त्या आठवड्यात घडली: मुलगा गादीवर बसला आणि कोणीही तलवार काढली नाही. कोणत्याही परक्या दरबारात दुसरा राजा तयार नव्हता. दे ला पोल टॉवरमध्ये होता. फ्रेंच हप्ते येत होते, उत्तरेची सरहद्द शांत होती.

अठरावे वर्षही पूर्ण न केलेल्या आठव्या हेन्रीने जूनमध्ये कॅथरीनशी लग्न केले आणि चार वर्षांत फ्रान्सवर स्वारी केली. 1513 मध्ये त्याने तूर्ने शहर घेतले. त्याच सप्टेंबरात फ्लॉडनला इंग्रज फौजेने स्कॉटलंडच्या जेम्सला, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला, ठार केले. बापाचा कायमचा तह अकरा वर्षे टिकला. स्वारीवर निघण्यापूर्वी दे ला पोलचे डोके उडवले गेले होते. तूर्नेसाठी बापाची साठवण उधळली गेली आणि 1518 मध्ये ते शहर फ्रान्सला 6,00,000 क्राउनना परत विकावे लागले. शहर न घेताच हेन्री सातव्याने एताप्लला 7,45,000 ठरवून आणले होते.